यूकेत पोडियाट्रिस्ट म्हणून काम सुरू करताय? एचसीपीसीचे नियम, गैरवर्तनाच्या तक्रारी आणि त्यातून सुखरूप राहायची तयारी

मी सांगलीची. तिथे फिजिओथेरपीची डिग्री केली, दोन वर्षं हॉस्पिटलात काढली आणि मग यूकेत येऊन पोडियाट्रीचा (पायांच्या आजारांवरच्या उपचारांचा) दोन वर्षांचा प्री-रजिस्ट्रेशन एमएससी केला. आता एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, कम्युनिटी क्लिनिकमध्ये आहे, शनिवारी प्रायव्हेट पेशंट बघते. मधलं जवळजवळ एक वर्ष असं गेलं की माझ्या नावावर एचसीपीसीकडे, म्हणजे आमच्या नियामक संस्थेकडे, फिटनेस टू प्रॅक्टिसची, म्हणजे मी हे काम करायला योग्य आहे का याबद्दलची, तक्रार चालू होती.

काय झालं ते आधीच सांगते म्हणजे पुढचं सगळं का लिहितेय ते कळेल. तेव्हा मी एका प्रायव्हेट क्लिनिकमध्ये पार्ट टाइम होते, वीस मिनिटांचा एक पेशंट. सत्तरी ओलांडलेल्या, बऱ्याच वर्षांची शुगर असलेल्या एक आजी आल्या, तळव्यावरचा घट्टा काढताना ब्लेड जरा खोल गेलं आणि रक्त आलं. मी दाबून धरलं, ड्रेसिंग केलं, त्यांना तोंडी सांगितलं की इथे थोडं कापलंय, लक्ष ठेवा. बाहेर तीन जण थांबले होते म्हणून नोटमध्ये घाईघाईत एवढंच लिहिलं की घट्टा काढला, पेशंट ठीक. जखमेचा एक शब्द नाही, पुढची तारीख नाही, कुणाला रेफरल नाही. आठ दिवसांनी जखम चिघळली, आजींना हॉस्पिटलात अँटिबायोटिक्स घ्यावी लागली आणि त्यांच्या मुलीने तक्रार केली की आईला काहीच सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं, पण ते कागदावर कुठेच नव्हतं.

त्या काळात मला जे कुणी समजावून सांगायला हवं होतं ते सगळं खाली लिहितेय. हे यूकेपुरतं आहे, दुसऱ्या देशात नियम वेगळे.

१. आधी स्वतःला काय म्हणवून घ्यायचं ते पक्कं करा

यूकेत पोडियाट्रिस्ट आणि कायरोपोडिस्ट ही दोन्ही नावं कायद्याने राखीव आहेत. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल म्हणजे एचसीपीसी, तिच्या रजिस्टरवर नाव असल्याशिवाय ही नावं वापरणं हा गुन्हा आहे, नुसता नियमभंग नाही. एचसीपीसीकडे एकूण १५ प्रोफेशन्स आहेत, आपलं त्यातलं एक. रजिस्टर ऑनलाइन सगळ्यांना खुलं असतं, पेशंट तुमचं नाव टाकून दोन मिनिटांत बघू शकतो.

फुट हेल्थ प्रॅक्टिशनर हे नाव मात्र राखीव नाही. छोटा कोर्स करून नखं कापणं, कुरूप काढणं, टाचेच्या भेगा बघणं असं काम करणारे बरेच जण आहेत आणि त्यांच्यात चांगलं काम करणारेही आहेत, पण त्यांनी पाटीवर पोडियाट्रिस्ट लिहिलं की प्रकरण कायद्यात जातं. विद्यार्थ्यांचंही तसंच. कोर्स संपला, रिझल्ट लागला, पण रजिस्टरवर नाव यायला वेळ आहे, त्या मधल्या काळात इन्स्टाग्रामच्या बायोत पोडियाट्रिस्ट लिहून मोकळं होऊ नका.

आपल्याकडून येणाऱ्या फिजिओंसाठी एक खास गोष्ट. महाराष्ट्रात आपल्यातले बरेच जण नावामागे डॉ. लावतात, व्हिजिटिंग कार्डावर, क्लिनिकच्या बोर्डावर, सगळीकडे. इथे ते सोडून द्या. पेशंटला वाटतं हा मेडिकल डॉक्टर आहे आणि तशी समजूत होऊ देणं हेच दिशाभूल धरलं जाऊ शकतं, तुमचा हेतू काहीही असो. मी पहिल्याच दिवशी ईमेलच्या सहीतून काढून टाकलं. आईला वाईट वाटलं, पण तिला समजावलं.

रजिस्ट्रेशन दर दोन वर्षांनी रिन्यू करावं लागतं, पोडियाट्रिस्टांची मुदत सम वर्षी ३१ जुलैला संपते. ईमेल स्पॅममध्ये गेला किंवा घर बदललं आणि पत्र जुन्या पत्त्यावर गेलं म्हणून रजिस्टरवरून नाव गळतं, आणि मग ते परत येईपर्यंत पोडियाट्रिस्ट म्हणून एकही पेशंट बघता येत नाही. पत्ता आणि ईमेल बदलला की त्याच आठवड्यात कळवा.

२. एक फाईल बनवा, आजच

मला तक्रारीचं पत्र आलं तेव्हा अर्धे कागद जुन्या लॅपटॉपवर आणि अर्धे एका खोक्यात होते, शोधण्यातच दोन रात्री गेल्या. तुम्ही असं करू नका. फाईलमध्ये हे हवं:

- एचसीपीसी रजिस्ट्रेशनचा नंबर आणि शेवटच्या रिन्यूअलची पावती
- प्रोफेशनल इन्डेम्निटीचं (पेशंटने भरपाई मागितली तर लागणाऱ्या विम्याचं) सर्टिफिकेट. २०१४ पासून हे कायद्याने लागतं. नोकरीत असाल तर एनएचएसचं कव्हर असतं पण ते फक्त तिथल्या कामापुरतं, शनिवारच्या प्रायव्हेट पेशंटसाठी वेगळं घ्यावं लागतं आणि नवीन लोक इथेच हमखास फसतात
- डीबीएस चेक, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची तपासणी
- सीपीडीची नोंदवही, म्हणजे काय शिकलात, कधी, आणि त्याचा पेशंटला काय फायदा झाला. रिन्यूअलच्या वेळी २.५ टक्के लोकांना ऑडिटसाठी निवडतात, कुणाचाही नंबर लागू शकतो
- लोकल अ‍ॅनेस्थेशिया, जीवरक्षक ट्रेनिंग, सेफगार्डिंग वगैरेची सर्टिफिकेटं
- स्वतःचं क्लिनिक असेल तर पेशंटची माहिती साठवता म्हणून आयसीओचं (माहिती-संरक्षण बघणाऱ्या संस्थेचं) रजिस्ट्रेशन, ऑटोक्लेव्हच्या (हत्यारं निर्जंतुक करायच्या मशीनच्या) टेस्ट आणि सर्व्हिसच्या नोंदी, क्लिनिकल कचरा उचलणाऱ्यांचा करार, आणि तक्रार कशी करायची ते सांगणारा एक साधा कागद जो पेशंटला देता येईल

रॉयल कॉलेज ऑफ पोडियाट्रीची मेंबरशिप घ्यायची की नाही असं खूप जण विचारतात. सक्तीची नाही. पण तिच्यात विमा आणि युनियनचा आधार दोन्ही असतात, आणि पत्र आलं त्या दिवशी फोन उचलून बोलायला कुणीतरी माहीतगार असणं याची किंमत मला कळली आहे, म्हणून मी तरी घ्याच म्हणेन.

३. चूक कुठे संपते आणि गैरवर्तन कुठे सुरू होतं

हे नीट समजलं की निम्मी भीती जाते. मिसकंडक्ट म्हणजे काय याची यादी कायद्यात दिलेली नाही. कोर्टांनी वर्षानुवर्षं जे सांगितलंय त्याचा गाभा असा की त्या परिस्थितीत जे योग्य होतं त्यापेक्षा वागणं किंवा न वागणं खूपच कमी पडलेलं असलं पाहिजे, आणि ते गंभीर असलं पाहिजे. एकदा हात चुकला, एक नोंद राहिली, याने सहसा कुणी गैरवर्तनी ठरत नाही. पण तीच गोष्ट वारंवार, किंवा तिच्यावर पांघरूण घातलं, की चित्र बदलतं.

आणि तक्रारीची सुनावणी करणारं पॅनल दोन वेगळे प्रश्न विचारतं. तेव्हा जे झालं ते गैरवर्तन होतं का, हा एक. आज, या घडीला, तुम्ही सुरक्षितपणे काम करायला योग्य आहात का, हा दुसरा. मधल्या काळात तुम्ही काय शिकलात, काय बदललं, पुन्हा तसं होण्याची शक्यता किती, हे सगळं दुसऱ्या प्रश्नात धरलं जातं. म्हणूनच हाताची चूक बऱ्याचदा सुधारता येते. खोटेपणा सुधारला हे पटवणं फार कठीण जातं. २०१७ पासून खोटेपणा असा तपासतात: तुम्हाला त्या वेळी प्रत्यक्षात काय माहीत होतं, काय वाटत होतं, आणि ते धरून चारचौघांच्या नजरेत ते वागणं प्रामाणिक ठरतं का. मला नाही वाटलं ते खोटं आहे, एवढं म्हणून सुटका होत नाही.

एचसीपीसीची वर्तनाची आणि नीतीची दहा मानकं आहेत, १ सप्टेंबर २०२४ पासून नवीन आवृत्ती लागू झाली. ती वाचा, लांब नाहीत, चहाच्या सुट्टीत होतील. पुढच्या पायऱ्यांत मी त्यातली तीच घेतलीयेत जिथे आपली माणसं अडखळताना मी बघितली.

४. संमती म्हणजे फॉर्मवरची सही नव्हे

नखुरड्याचं, म्हणजे मांसात रुतलेल्या नखाचं, उदाहरण घ्या कारण ते रोजचं आहे. नखाची कड काढून फिनॉल लावायचं, त्याआधी बोटाच्या मुळाशी इंजेक्शन. पेशंटला काय काय सांगायचं? इंजेक्शन दुखतं, जखम भरायला काही आठवडे जातात, इन्फेक्शन होऊ शकतं, नख पुन्हा वाढू शकतं, आणि काहीच केलं नाही तर काय होईल, साध्या उपायाने भागेल का, हेही. यूकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये माँटगोमेरी खटल्यात स्पष्ट केलं की डॉक्टरला काय महत्त्वाचं वाटतं एवढ्यावर थांबायचं नाही, समोरच्या माणसाला काय महत्त्वाचं वाटेल ते बघायचं. तुमच्यासमोर बसलेला मुलगा पुढच्या आठवड्यात मॅरेथॉन पळणार असेल तर त्याच्यासाठी जखम भरायचा काळ हीच सगळ्यात मोठी माहिती. म्हणजे विचारावं लागतं, पुढे काय ठरलंय तुमचं?

फॉर्म खुर्चीत बसवून, बूट काढायला लावून, सुई भरताना पुढे करू नका. आधीच्या भेटीत समजवा, कागद घरी घेऊन जाऊ द्या.

पेशंटला इंग्रजी येत नसेल आणि सून किंवा नातू भाषांतर करत असेल तर थांबा. आपल्याकडे हे इतकं नेहमीचं आहे की काही वावगं वाटतच नाही, पण सून सासूला जोखीम गाळून सांगते, घाबरेल म्हणून. मी स्वतः ऐकलंय कारण भाषा मराठीच होती. मी इन्फेक्शनबद्दल सांगितलं आणि तिने सांगितलं, काही नाही हो, पाच मिनिटांचं काम आहे. एनएचएसमध्ये इंटरप्रिटर मागता येतो, फोनवरही मिळतो. आणि तुम्हाला ती भाषा येत असेल तर स्वतः बोला, आणि कुठल्या भाषेत समजावलं ते नोटमध्ये लिहा.

५. नोंदी, नोंदी आणि परत नोंदी

इथे मी जरा जास्त वेळ घेणार.

नोट त्याच दिवशी, शक्यतो पेशंट उठून गेल्याबरोबर लिहायची. काय दिसलं, काय केलं, काय सांगितलं, पेशंट काय म्हणाला, पुढे काय ठरलं. दोन्ही पायांच्या नाड्या लागल्या का, १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने संवेदना तपासली का आणि कुठे जाणवली नाही. रक्त आलं तर रक्त आलं असंच लिहा, किती, कशाने थांबलं, कुठलं ड्रेसिंग, पेशंटला काय बजावलं. अ‍ॅनेस्थेटिक दिलं तर औषध, टक्केवारी, किती मिली, बॅच नंबर, एक्सपायरी, कुठे टोचलं. बोटाला टूर्निके (रक्त थांबवणारा पट्टा) बांधलं तर बांधल्याची वेळ आणि काढल्याची वेळ, दोन्ही. नखाच्या ऑपरेशननंतर टूर्निके ड्रेसिंगखाली तसंच राहून बोट गमावण्याची वेळ येऊ शकते, २००९ मध्ये यूकेत याबद्दल खास सुरक्षा सूचना काढावी लागली होती. मी तर काढल्यावर मोठ्याने म्हणते, टूर्निके काढलं, आणि असिस्टंट लिहून घेते.

हत्यारांचंही तसंच. एका पेशंटला एक निर्जंतुक सेट, ब्लेड एकदाच वापरायचं आणि थेट शार्प्सच्या डब्यात. ऑटोक्लेव्हची सायकल साधारण १३४ अंशांवर किमान तीन मिनिटं धरली गेली याचा प्रिंट किंवा नोंद, आणि सेटच्या पाकिटावरचं स्टिकर पेशंटच्या रेकॉर्डला. घरी जाऊन पेशंट बघणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी जास्त. सकाळी तीन सेट घेऊन निघालात तर तीनच पेशंट. चौथ्या आजी कितीही गोड बोलल्या तरी वाइपने पुसून तोच निप्पर चालवायचा नाही.

आता सगळ्यात मोठा सापळा. तक्रार येते, तुम्ही नोट उघडता, आणि दिसतं की महत्त्वाचं वाक्य राहिलंय. तुम्हाला ते ठाम आठवतंय. हात शिवशिवतो. माझ्या वेळी क्लिनिकच्या मालकांनी तर सरळ सांगितलं की आत्ता टाकून दे ना, तू सांगितलं होतंस तर खोटं थोडंच आहे. मी ते केलं नाही आणि आजवर घेतलेल्या निर्णयांत तो मला सगळ्यात बरोबर वाटतो. कॉम्प्युटरवर प्रत्येक बदलाची वेळ राहते, आणि जुनी नोंद गुपचूप बदलली की ब्लेडची चूक बाजूला पडून तुमच्यावर खोटेपणाचा आरोप येतो. राहिलेलं लिहायचं असेल तर नवीन नोंद करा, वर आजची तारीख आणि वेळ, आणि स्पष्ट लिहा की अमुक तारखेच्या भेटीबद्दल आठवणीतून उशिरा लिहीत आहे, आणि का. मी तशी केली. त्यात हेही लिहिलं की फॉलो-अप ठेवायला हवा होता तो ठेवला नाही.

रेकॉर्ड किती वर्षं ठेवायचे तर एनएचएसमध्ये मोठ्यांचे साधारण ८ वर्षं, लहान मुलांचे २५ व्या वाढदिवसापर्यंत, आणि प्रायव्हेटमध्येही हाच हिशोब धरणं शहाणपणाचं. क्लिनिक बंद केलंत तरी जबाबदारी संपत नाही.

६. आपल्याला काय येत नाही ते ओळखा, आणि वेळेत पुढे पाठवा

पोडियाट्रिस्टला करता येणारं काम आणि तुम्हाला स्वतःला करता येणारं काम यात फरक आहे. लोकल अ‍ॅनेस्थेशियासाठी, औषधं विकण्या-देण्यासाठी, प्रिस्क्राइब करण्यासाठी रजिस्टरवर नावापुढे तशी वेगळी नोंद असते. ती नसेल तर करायचं नाही, सीनियर म्हणाले तरी. असिस्टंटला काम देतानाही तिला ते शिकवलंय का, येतंय का, हे बघणं तुमच्या डोक्यावर असतं.

शुगरच्या पायाबद्दल मात्र कुणीही ढिलाई करू नका. नाइस या उपचारांच्या गाइडलाइन काढणाऱ्या सरकारी संस्थेची एनजी१९ ही गाइडलाइन पाठ करा. पायाला नवीन अल्सर, पसरणारं इन्फेक्शन, किंवा पाय लाल, गरम, सुजलेला आणि शारकोची (बधिर पायाची हाडं खचण्याच्या आजाराची) शंका, तर एका कामाच्या दिवसाच्या आत फुट प्रोटेक्शन सर्व्हिस किंवा मल्टिडिसिप्लिनरी टीमकडे रेफरल. अंगात ताप भिनतोय, गँगरीन दिसतंय, इन्फेक्शन हाडापर्यंत गेल्याची शंका आहे, तर वाट न बघता थेट हॉस्पिटल. शुक्रवारी संध्याकाळी सापडलं आणि सोमवारी बघू म्हटलं, आणि सोमवारी उशीर झालेला असतो. प्रायव्हेटमध्ये अजून एक मोह असतो, पेशंट दर आठवड्याला ड्रेसिंगला येतोय, पैसे देतोय, खूश आहे, आणि जखम तीन महिने तशीच आहे. पेशंट हातचा जाईल म्हणून रेफरल अडवून ठेवणं याला माझ्या मते क्षमा नाही.

आपल्या पेशंटांमध्ये अजून एक विचारा, घरात अनवाणी चालता का, देवळात किती वेळ, पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी किंवा हीटर लावता का. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही. हे इंग्रज सहकाऱ्याला विचारायचं सुचणार नाही, तुम्हाला सुचेल.

७. आपल्याच माणसांत राहताना

या भागावर मला कुणीच काही शिकवलं नव्हतं. मंडळाच्या दिवाळीत, गणपतीत, कुणाच्या बारशात, तुम्ही पोडियाट्रिस्ट आहात हे कळलं की लोक मोजे काढतात. काकू म्हणतात, अगं जरा बघ ना हे कुरूप. प्रेमाने म्हणतात, नाही म्हणणं जड जातं. पण कोपऱ्यात बसून पाय बघून सल्ला दिलात की ती तुमची पेशंट, आणि तिथे ना नोट, ना इतिहास, ना शुगर माहीत. मी आता एकच उत्तर देते, काकू, असं उभ्या उभ्या बघून मला नीट सांगता येणार नाही, क्लिनिकला या किंवा जीपीला (फॅमिली डॉक्टरला) दाखवा. लाल, सुजलेलं किंवा काळं दिसलं तर मात्र आजच दाखवा म्हणून ठणकावते.

गुप्तता. आपला समाज इथे छोटा आहे. क्लिनिकमध्ये येऊन गेलेल्या काकांबद्दल त्यांच्या शेजाऱ्याने विचारलं, आले होते का हो ते, काय झालंय पायाला, तर आले होते एवढं सांगणंही चूक. नवऱ्याने बायकोबद्दल विचारलं तरी बायकोची परवानगी लागते. घरी नवऱ्याशी बोलताना नाव घ्यायचं नाही ही सवय लावून घ्या.

भेटवस्तू. चकलीचा डबा, चॉकलेट, हरकत नसते, तरी नोकरीत असाल तर ट्रस्टची पॉलिसी बघा आणि लिहून ठेवा. पैशाचं पाकीट नाही, कितीही आग्रह झाला तरी. आपल्यात पाकीट परत करणं म्हणजे अपमान, मला माहीत आहे, मी एका आजोबांना सांगितलं की आशीर्वाद द्या, पाकिटाने माझी नोकरी जाईल, आणि त्यांना ते पटलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या पेशंटकडून उसने पैसे, मृत्युपत्रात नाव, दागिना, हे सगळं सरळ मोठ्या अडचणीत नेतं.

आणि जवळीक. २०२४ च्या मानकांत पेशंट, त्यांचे नातेवाईक आणि सहकारी या सगळ्यांशी व्यावसायिक मर्यादा पाळण्यावर जास्त स्पष्ट लिहिलंय. पेशंटशी लैंगिक किंवा प्रेमाचं नातं, नाही. रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर गप्पा, त्याही नाहीत. घरभेटीत अवघडलेपण वाटलं किंवा पेशंट एकटी असताना मांडीपर्यंत तपासायचं असेल तर बरोबर कुणाला तरी ठेवायचं का ते विचारा आणि उत्तर लिहा.

८. जाहिरात, रील आणि इनसोल

यावर थोडक्यात. नखाची बुरशी लेझरने १०० टक्के जाणार, चामखीळ परत येणारच नाही, असले दावे करू नका, हातात पुरावा नसेल तर तो दिशाभूलच. घट्टे कापायचे व्हिडिओ खूप चालतात, पण चेहरा दिसत नाही म्हणून पेशंटचा पाय त्याचा राहत नाही असं थोडंच आहे, त्या व्हिडिओसाठी वेगळी, लेखी संमती घ्या, आणि नाही म्हटलं तर उपचारात काही फरक पडणार नाही हे सांगून घ्या. दुकानात मिळणाऱ्या इनसोलने भागत असताना मापाचा महागडा विकू नका. कुठल्या कंपनीकडून तुम्हाला काही मिळत असेल तर पेशंटला आधी सांगा.

९. चूक झालीच तर त्याच दिवशी काय करायचं

पेशंटला सांगा, साध्या शब्दांत, काय झालं, त्याचं काय होऊ शकतं, आता आपण काय करतोय. सॉरी म्हणा. आपल्याला वाटतं सॉरी म्हटलं म्हणजे गुन्हा कबूल केला, तसं इथे नाही, उलट मानकांतच मोकळेपणाने सांगायला आणि माफी मागायला सांगितलंय. इंग्लंडमध्ये २०१४ पासून आरोग्यसंस्थांवर ड्यूटी ऑफ कँडर, म्हणजे चूक मोकळेपणाने सांगायचं बंधन, कायद्याने आहे. मग नोट लिहा, मॅनेजरला सांगा, इन्सिडेंट फॉर्म भरा, पुढची तारीख द्या, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून पाय कसा आहे ते विचारा. माझ्या आजींना मी दुसऱ्या दिवशी एक फोन केला असता तर जखम चिघळण्याआधी दिसली असती.

दुसऱ्याची चूक दिसली तरी गप्प बसायचं नाही. सहकारी हत्यारं निर्जंतुक न करता वापरतोय, न तपासता नोटमध्ये नाड्या लिहितोय, तर आधी मॅनेजर, एनएचएसमध्ये अशा तक्रारी ऐकून घेणारा फ्रीडम टू स्पीक अप गार्डियन असतो, आणि तिथे ऐकलं नाही तर एचसीपीसी. व्हिसा स्पॉन्सर करणाऱ्याच्या विरोधात बोलायचं म्हणजे पोटात गोळा येतो, मी त्यातून गेलेय. तरीही लेखी कळवा, तारखेसकट, आणि प्रत स्वतःकडे ठेवा.

१०. स्वतःहून कळवायच्या गोष्टी

पोलिसांनी कॉशन (अधिकृत ताकीद) दिली, आरोप ठेवला किंवा शिक्षा झाली, दुसऱ्या कुठल्या नियामक संस्थेने कारवाई केली, किंवा वागणुकीमुळे वा कामाच्या दर्जामुळे नोकरीत बंधन घातलं, निलंबित केलं, काढलं, तर लगेच एचसीपीसीला कळवायचं. दारू पिऊन गाडी चालवल्याची केसही यात येते, तिचा पायाच्या उपचारांशी संबंध नाही असं मानून बरेच जण गप्प बसतात. मग ती केस बाजूला राहते आणि लपवल्याचा आरोप वेगळा लागतो.

११. पत्र आलं. आता?

पहिली रात्र काहीच लिहू नका. मी रागाने चार पानं लिहिली होती, नशिबाने पाठवली नाहीत. सकाळी विमा कंपनीला आणि असाल तर रॉयल कॉलेजला फोन. उशिरा कळवलं तर कव्हर अडू शकतं. मूळ रेकॉर्डला हात लावायचा नाही. तक्रार करणाऱ्याला फोन, मेसेज, मध्यस्थ, काही नाही. आपल्यात कुणीतरी म्हणतंच की मी ओळखतो त्यांना, बोलतो मी, तुम्ही बघा, त्यांना हात जोडून थांबवा.

मग एचसीपीसी माहिती गोळा करते, आणि पुढे नेण्यासारखं वाटलं तर तपास समिती कागदांवरून ठरवते की आरोप सिद्ध होण्याची वास्तव शक्यता आहे का. तुमचं म्हणणं तुम्ही या टप्प्यावर देऊ शकता, वकिलाचा किंवा युनियनच्या माणसाचा सल्ला घेऊन द्या. पत्रातली तारीख पाळा. माझ्या उत्तरात तीन गोष्टी होत्या, काय झालं ते तारखेवार, माझं काय चुकलं ते माझ्या शब्दांत, आणि त्यानंतर मी काय बदललं, म्हणजे जखमांच्या काळजीचा कोर्स, माझ्या वीस नोटांचं सीनियरकडून ऑडिट, आणि अपॉइंटमेंट वीसवरून तीस मिनिटांची. पेशंटला दोष दिला नाही. नऊ महिन्यांनी उत्तर आलं की पुढे चालवण्यासारखी केस नाही.

जनतेला लगेच धोका आहे असं वाटलं तर निकालाआधीच इंटरिम ऑर्डर (कामावर तात्पुरती बंदी किंवा अटी) लागू शकते, १८ महिन्यांपर्यंत. त्या सुनावणीची सूचना फार कमी दिवसांची असते, पत्र उघडायला आळस केला तर तुमच्या गैरहजेरीत होऊन जाते.

या काळात एकटे राहू नका. मी दोन महिने घरी कुणाला सांगितलं नाही, सांगलीला तर नाहीच, आणि झोप गेली, वजन गेलं. जीपीकडे जा, एका तरी मैत्रिणीला सांगा.

१२. सुनावणी आणि निकाल

केस पुढे गेलीच तर सुनावणी पॅनलसमोर, साधारणपणे जाहीर, सगळ्यांना खुली होते आणि निकाल वेबसाइटवर येतो. आरोप सिद्ध करायचं काम एचसीपीसीचं, पण फौजदारीसारखा निःसंशय पुरावा लागत नाही, जास्त शक्यता कशाची एवढं पुरतं. निकाल काहीच कारवाई नाही इथपासून सुरू होतात, मग १ ते ५ वर्षांची कॉशन, ३ वर्षांपर्यंत अटींवर काम, १ वर्षापर्यंत निलंबन, आणि शेवटी रजिस्टरवरून नाव काढणं. नाव काढलं तर ५ वर्षं परत अर्जच करता येत नाही. निर्णयाविरुद्ध अपील २८ दिवसांत, इंग्लंडमध्ये हायकोर्टात. सुनावणीला हजर राहा, निदान ऑनलाइन. न येणाऱ्याने काय शिकलं हे पॅनलला कसं कळणार?

तक्रार बंद झाली असली तरी ते पत्र टाकून देऊ नका. नवीन नोकरीच्या फॉर्मवर बऱ्याचदा प्रश्न असतो की तुमच्याविरुद्ध कधी फिटनेस टू प्रॅक्टिसची चौकशी झाली होती का, सध्या चालू आहे का. प्रश्न नीट वाचून जेवढं विचारलंय त्याचं खरं उत्तर द्यायचं आणि पत्राची प्रत जोडायची. माझं पत्र त्या पायरी २ च्या फाईलमध्ये पहिल्या कप्प्यात आहे, एनएचएसच्या मुलाखतीत मी ते स्वतःहून टेबलावर ठेवलं होतं. त्यांनी वाचलं, अपॉइंटमेंट तीस मिनिटांची का केली एवढं विचारलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.